तळाला जाणारा किडा

निखारे उचलायचा नव्हे आणि भाकरी उलटायचाही नव्हे. मित्रांनो, मी टेबलाच्या कडेला घट्ट बसवायचा एक जुना पोलादी चिमटा आहे. उंचीला वीतभर, मान थोडी वाकलेली, आणि तोंड इतकं बारीक की तांदळाचा एक दाणा त्यात उभा राहील. कारखान्यातली माणसं माझ्यासारख्याला वाईस म्हणतात. घरात मात्र मी चिमटाच. माझ्या तोंडाला चव कळत नाही, आणि त्यातून शब्दही निघत नाही. एकदा धरलं की सोडायचं नाही, एवढंच मला येतं. तरीही या लहानशा जन्मात मी जे हात पाहिले, त्यांच्याविषयी तुम्हाला सांगावंसं वाटतं.

माझा जन्म देवगाव रंगारीचा. जीपच्या चाकावरची एक मोडलेली पोलादी पट्टी कडुबा लोहारांच्या भट्टीत गेली आणि तिच्यातून मी बाहेर आलो. लाल तापलेलं माझं तोंड त्यांनी तेलात बुडवलं, तेव्हा चर्र असा आवाज झाला. तेच माझं पहिलं रडणं म्हणा. मला करवून घेतलं होतं काकासाहेबांनी. गावात त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की पंचक्रोशीतली माणसं ती खांद्यावर घेऊन त्यांच्याकडे येत. तांब्याच्या बारीक तारेची टोकं धरून ठेवायला त्यांना माझ्यासारखं कुणीतरी हवं होतं.

काकासाहेबांची रीत एकच. नवी तार गुंडाळायच्या आधी जळालेली तार खोलायची आणि तिचे वेढे मोजायचे. आकडा पाटीवर लिहायचा, आणि तेवढेच वेढे नव्यानं घालायचे. मोजत असताना ते कुणाशी बोलत नसत. सरपंच दारात आले तरी नुसतं बोट वर करत. वेढा एक इकडचा तिकडं झाला की मोटार पुन्हा माघारी येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मोजणं ही केवढी गंभीर गोष्ट आहे, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

पुढं काकासाहेबांना वाळूजला नोकरी लागली. दुकान बंद झालं, बिऱ्हाड बजाजनगरला आलं, आणि मी पत्र्याच्या पेटीत गेलो. माझ्यावर जुने स्क्रू, तुटक्या किल्ल्या, एक बंद पडलेलं घड्याळ. पावसाळ्यामागून पावसाळे गेले. माझ्या मानेवर गंज चढला. मधून कुणीतरी मला बाहेर काढी, पण ते सुपारी फोडायला, नाहीतर खिडकी आपटू नये म्हणून फटीत खोचायला. धरण्यासाठी घडवलेल्यानं नुसतं पडून राहायचं, यासारखं दुःख नाही, मित्रांनो. पण तक्रार कुणाकडं करणार?

मला पुन्हा उजेड दाखवला तो काकासाहेबांच्या पत्नीनं, आशाबाईंनी.

आशाबाईंविषयी काय सांगू? बाई बोलायला मऊ. शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असेल तर त्यांच्या बोलण्यानं त्याची झोप मोडायची नाही. पहाटे अंघोळ, मग गल्लीच्या टोकाला असलेल्या महादेवाच्या पिंडीवर तांब्याभर पाणी, मग घरातलं बाकीचं काम. कुठलंही काम सुरू करताना त्या शंकराचं नाव अकरा वेळा घेत. गॅस पेटवताना अकरा, पीठ मळायला घेताना अकरा. आणि सोमवारी मौन. तेही साधं नव्हे. सूर्य उगवल्यापासून संध्याकाळी देवापाशी दिवा लागेपर्यंत शब्द नाही, हातानं खूण नाही, कागदावर लिहून दाखवणंही नाही. नऊ वर्षांपूर्वी काकासाहेबांचं मोठं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्याच्या बाकड्यावर बसून त्यांनी हा नेम धरला होता. काकासाहेब बरे होऊन घरी आले आणि नेम कायम राहिला. काकासाहेब थट्टेनं म्हणत की आठवड्यातून एक दिवस आम्हालाही सुट्टी मिळते. पण सोमवारी ते स्वतःसुद्धा हळू बोलत.

तर झालं असं. मधुसूदन सर म्हणून एक गृहस्थ शहरात राहतात. कंपनीतून निवृत्त झाल्यावर ते मुलाबरोबर हिमाचलात फिरायला गेले होते. तिथल्या एका थंड नदीवर नेगी नावाचे एक जण लोकांना मासे पकडायला शिकवतात. मासा ट्राऊट जातीचा. हा आपल्या गोदावरीत नसतो. त्याला बर्फाचं, उड्या मारत जाणारं पाणी लागतं. तो नदीच्या तळाशी, दगडांच्या आडोशाला राहतो आणि तिथं सरपटणारी पाण्यातल्या किड्यांची पिल्लं खातो. म्हणून गळावर पिसं, लव आणि दोरा बांधून हुबेहूब तसला किडा करायचा, आणि तो तळापर्यंत बुडावा म्हणून त्याच्या पोटात तारेचं वजन घालायचं. त्या वजनाच्या किड्याला तिकडं निंफ म्हणतात. मधुसूदन सरांनी ती कला मन लावून शिकून घेतली, बजाजनगरात एक गाळा घेतला आणि हाताला सवय असलेल्या बायका शोधायला लागले. काकासाहेबांशी त्यांची जुनी ओळख होती.

आशाबाई गाळ्यात गेल्या. पिसं पाहिली, गळ पाहिला, आणि त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, की हे मासे मारायचं काम आहे का. सरांनी लपवलं नाही. नेगींच्या नदीवर मासा ओल्या हातानं धरून परत सोडतात, पण गळ टोचतो तेवढा टोचतोच, असं त्यांनी सांगितलं. आशाबाई घरी आल्या.  तिसऱ्या दिवशी त्यांनी पत्र्याची पेटी उघडून मला बाहेर काढलं, रॉकेलच्या बोळ्यानं माझा गंज पुसला, मानेत तेलाचे दोन थेंब सोडले आणि मला कापडी पिशवीत घालून गाळ्यात नेलं. सरांना त्या म्हणाल्या की काम करीन, पण एका अटीवर. गळाच्या टोकाजवळ एक उलटा काटा असतो, तो माशाला सुटू देत नाही. तो काटा प्रत्येक गळावर मी माझ्या हातानं दाबून मोडणार. सर म्हणाले, अहो, नेगींनाही तसाच हवा आहे.

तेव्हापासून प्रत्येक गळ आधी माझ्या तोंडात येई. कट् असा बारीक आवाज होई, काटा मोडे, आणि आशाबाईंचा चेहरा निवळे. पलीकडच्या टेबलांवर परदेशी बनावटीचे चकचकीत, गोल फिरणारे वाईस होते. मला पाहून सोनियाबाई हसल्या होत्या. सोनियाबाई म्हणजे तिथल्या दुसऱ्या कारागीर. त्या पाण्यावर तरंगणारे, बिनवजनाचे किडे बांधत. असला चिमटा आमच्या सासूबाईंच्या रुखवतात होता, असं त्या म्हणाल्या. आशाबाईंनी नुसती मान डोलावली आणि मला टेबलाला लावलं.

मित्रांनो, वजनाचा किडा कसा बांधतात ते तुम्ही एकदा पाहायलाच हवं. गळावर आधी भोकाचा सोनेरी मणी चढवायचा. ते किड्याचं डोकं. मण्यामागं वजनाची मऊ तार गुंडाळायची. किडा कसा बांधायचा ते सरांनी एका कार्डावर लिहून भिंतीवर लावलं होतं; त्यावर होतं, आठ वेढे. मग त्यावर दोरा. शेपटीला फेझंट नावाच्या पक्ष्याच्या पिसाचे तीन तंतू, अंगालाही तेच तंतू, त्यांवर केसाएवढी तांब्याची तार आडवी फिरवायची, म्हणजे किड्याच्या अंगावरच्या रेघा दिसतात. छातीला सशाची चिमूटभर लव. शेवटी मण्यापाशी दोऱ्याची गाठ. हे सगळं हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या जागेत. आशाबाईंची बोटं ते असं करत की पाहत राहावं. दोरा कुठं ताणायचा आणि कुठं सैल सोडायचा, हे त्यांना न बघता कळे. पहिल्या आठवड्यात तारेचा वेढा सरळ बसेना. म्हणून तार हातात घेतली की त्या डोळे मिटून आपली अकरा नावं घेत आणि मग सुरू करत. हळूहळू डोळे मिटणं राहिलं. नाव आणि हात बरोबरच चालू लागले.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी बांधलेले सहा किडे नमुना म्हणून नेगींकडे गेले. नेगींनी ते नदीत टाकून पाहिले आणि फोनवर सरांना म्हणाले की असे किडे आपण फार दिवसांत पाहिले नाहीत. थेट दगडापर्यंत जातात, आणि तळाशी गेल्यावर जिवंत असल्यासारखे हलतात. मार्चमध्ये तिकडं नदी मासेमारीला उघडली की शंभरांनी लागतील. सरांनी गाळ्यात पेढे वाटले. आशाबाईंचा उपास होता. त्यांनी पेढा रुमालात बांधून काकासाहेबांसाठी नेला.

काम वाढलं, तशी विशाखा आली. पंचविशीची, वैजापूरकडची. नवरा ऋतुराज वाळूजला शिफ्टमध्ये कामाला, आणि मुलगी ओवी पाच वर्षांची. विशाखाचे सासरे बन्सीमामा गावी कांदा करत. त्यांनी सुनेला सांगून ठेवलं होतं की शहरात राहायचं तर स्वतःच्या कामावर उभी राहा, नाहीतर तू आणि नात दोघी गावीच बऱ्या. ओवीचं नाव जूनपासून इथल्या शाळेत पहिलीला घातलेलं. म्हणजे त्या टेबलाजवळची ती एक खुर्ची हीच विशाखाची शहरातली जागा होती. खुर्ची राहिली तर शाळा राहणार.

आशाबाईंनी तिला मन लावून शिकवलं. कार्ड समोर धरून सांगितलं, "आठ वेढे. सात नाय, नऊ नाय." पोरगी हुशार. दीड महिन्यात तिचे किडे इतके सुबक झाले की भिंगाखाली धरले तरी कुणाचा कोणता ते ओळखू येईना. म्हणून सरांनी खूण ठरवली. मण्यापाशी आशाबाईंनी लाल दोरा वापरायचा, विशाखानं हिरवा. सोनियाबाई म्हणाल्या, वैजापूरच्या बाईला कांदा निवडून निवडून बोटं आली असतील. विशाखा म्हणाली, व्हय, आणि डोळ्यातलं पाणीबी तिथंच संपलं. सगळ्याच हसल्या.

मे महिन्यात नेगींचा फोन आला. लाल दोऱ्याचे किडे दगडापर्यंत जातात, हिरव्या दोऱ्याचे वरच्यावर वाहून जातात. बर्फ वितळून पाणी चढलेलं, त्यात वर वाहणारा किडा काय कामाचा? सरांनी मणी तपासले, तार तपासली. दोघींची सामग्री एकाच डब्यातली. त्यांनी विशाखाला पुन्हा कार्ड दाखवलं. ती बिचारी आणखी जपून बांधू लागली, तार इतकी ओढू लागली की बोटाला चीर पडली. पंधरा दिवसांनी नेगींचा पुन्हा तोच निरोप.

मला सगळं कळत होतं, मित्रांनो. माझ्या तोंडात धरलेल्या गळावर रोज किती वेढे पडतात ते मला कळायचं नाही तर कुणाला? पण चिमटा बोलत नाही. तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक.

शनिवारी संध्याकाळी सरांनी विशाखाला बाजूला बोलावलं. रागावले नाहीत. वजनाच्या किड्याचं टेबल आता दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल, आणि दुसरं टेबल सध्या नाही, एवढंच सांगितलं. विशाखानं ऐकून घेतलं. मग तिनं फडक्यानं आपलं टेबल पुसलं, पिसांचे तुकडे वेचले आणि गेली.

रविवारी दुपारी आशाबाई मला तेल देत बसल्या होत्या. काकासाहेब पेपर तोंडावर घेऊन पडलेले.

"पोरीचा हात लई चांगला हाय," आशाबाई म्हणाल्या. "मीच शिकवलंय तिला. मग तिचा किडा वर का ऱ्हातो?"

काकासाहेबांनी पेपर बाजूला केला नाही. "वरून बघून काय कळतंय? मोटारीबी वरून सारख्याच दिसत्यात. खोल आणि मोज."

आशाबाईंचा हात थांबला. त्यांनी मला पिशवीत घातलं, आणि सोबत काकासाहेबांचं दाढीचं नवं पातं घातलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मौनाचा दिवस.

आशाबाई गाळ्यात सगळ्यांच्या आधी आल्या. थोड्या वेळानं विशाखा आली ती कात्री परत द्यायला. बरोबर ओवी, आणि मागं बन्सीमामा. ते सुनेला आणि नातीला न्यायला आले होते. एकची गाडी धरायची होती. सर शहरात कुरिअर द्यायला गेलेले. निरोप घेतल्याशिवाय जाणं बरं नव्हे म्हणून सगळे थांबले. सोनियाबाई मामांना चहा द्यायला बाहेर गेल्या.

आशाबाईंनी पिसं ठेवायची काचेची उंच बरणी रिकामी केली आणि पाण्यानं काठोकाठ भरली. एका हातात लाल दोऱ्याचा किडा, दुसऱ्या हातात हिरव्याचा. दोन्ही एकदम सोडले. ओवी बरणीला नाक लावून उभी होती.

"लाल जिंकला," ती म्हणाली.

पुन्हा सोडले. पुन्हा लालच. चार वेळा सोडले, चारही वेळा.

मग आशाबाईंनी हिरवा किडा माझ्या तोंडात दिला, पात्यानं गाठ कापली, आणि पिसं, लव, दोरा उलट्या क्रमानं उतरवत नेलं. आत तार दिसली. ती त्यांनी टोकाला धरून सावकाश उलगडायला घेतली. विशाखाला कळलं. बाईंचं मौन होतं, म्हणून मोजायचं काम तिनं आपल्याकडे घेतलं. एक, दोन, तीन... आठ. तार सुटली.

आता लाल. मी गळ धरला. इतका घट्ट मी पूर्वी कधी धरला नव्हता. विशाखा मोजू लागली. आठावर ती थांबली. तार मात्र थांबली नाही.

"नऊ," ती हळूच म्हणाली. "दहा. अकरा."

आशाबाईंचं बोट माझ्या मानेवर टेकलेलं होतं. ते गार पडल्याचं मला जाणवलं. त्यांनी आणखी एक लाल किडा खोलला. अकरा. तिसरा खोलला. अकरा. मग त्यांनी नवी तार घेतली, रिकामा गळ मला दिला, आणि रोजच्यासारखी ती गुंडाळून पाहिली. ओठ मिटलेले होते, पण मनात नाव चालू होतं. नाव संपलं तिथं हात थांबला. त्यांनी वेढ्यांवरून नख फिरवलं, एकेक करून. पुन्हा अकरा.

नाव वेगळं आणि काम वेगळं, असं त्यांना आजवर वाटत आलं होतं. नाव देवाचं, वेढे कार्डाचे. हात कधी नावाच्या मागं गेला ते त्यांना कळलंच नव्हतं. नेगींना आवडलेला नमुना अकराचा होता, आणि पोरीला त्यांनी शिकवलं होतं आठ.

विशाखानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिलाही समजलं असणार. तिनं टेबलावरच्या तारा गोळा केल्या आणि म्हणाली, "काकू, माझीच मोजणी चुकली असंल. जाऊ द्या." आणि त्या तारा तिनं कचऱ्याच्या डब्याकडे नेल्या.

आशाबाईंनी तिचं मनगट धरलं. तारा सोडवून घेतल्या, त्यांचे दोन पुंजके केले आणि माझ्या दोन बाजूंना ठेवले. बाकी त्या दिवशी त्यांना काही करता येत नव्हतं. दिवा लागायला सात वाजणार होते. गाडी एकची होती.

साडेबारा वाजता सर आले. बन्सीमामा उठून उभे राहिले, ओवीची पिशवी खांद्याला लावली. सरांनी विशाखाला वाईट वाटून घेऊ नका म्हटलं, ओवीच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. मामा म्हणाले, चला सूनबाई. विशाखा आशाबाईंच्या पाया पडायला वाकली.

"सर, थांबा."

आवाज इतका हलका होता की सर आधी विशाखाकडेच वळले.

"पोरीची चूक नाय," आशाबाई म्हणाल्या. "कार्डावर आठ हायेत, ती आठच घालती. मी अकरा घालते. मला ठाऊक नव्हतं. आता खोलून मोजले."

 सोनियाबाई दारात कपबशी घेऊन उभ्या होत्या.

"आशाबाई," त्या म्हणाल्या, "आज सोमवार हाय."

"व्हय. ठाऊक हाय."

आणि आशाबाई खुर्चीत बसल्या. डोळ्यांना पदर लावला नाही, की काही लावलं नाही. मांडीवर दोन्ही हात पालथे ठेवून बसल्या, उशीर झाल्यावर एसटी स्टँडवर बसतात तशा.

सर माझ्यापाशी आले. त्यांनी चष्मा चढवला, एक लाल किडा आणि एक हिरवा स्वतः खोलला, आणि मोजला. मग भिंतीवरचं कार्ड काढलं. ते त्यांच्याच हातचं होतं. ते म्हणाले, "नेगींनी पास केला तो किडा मी एकदाही उघडून पाहिला नाही. हे कार्ड माझं आहे. चूक माझीही आहे." आठाच्या आकड्यावर त्यांनी काट मारली आणि शेजारी अकरा लिहिले. मग विशाखाला विचारलं, की आजपासून या आकड्यानं बांधाल का.

विशाखानं बन्सीमामांकडे पाहिलं. मामा खांद्यावरची पिशवी तशीच धरून उभे होते. त्यांनी आशाबाईंकडे पाहिलं, तारेचे दोन पुंजके पाहिले. मग पिशवी खाली ठेवली.

"एकची गाडी मला एकट्यालाच बास हाय," ते म्हणाले. "कांदा चाळीत भरायचाय, तो काय मी भरीन. आमच्या घरी इतकी वर्सं म्या काय बसूनच खाल्लं व्हय?"

ओवीनं विचारलं की आता पुन्हा किडे पाण्यात सोडायचे का. तिला हिरवा जिंकलेला बघायचा होता. विशाखानं अकरा वेढ्यांचा एक किडा बांधला.  बरणीत दोन्ही सोडले. हिरवा आणि लाल बरोबरच तळाला टेकले.

संध्याकाळी आशाबाईंनी दिवा लावायच्या आधी काकासाहेबांना सगळं सांगितलं. दिव्याच्या आधी त्यांचा आवाज ऐकून काकासाहेब पेपर सोडून उठून बसले. नेम मोडला, तुमच्यासाठी धरलेला होता, असं त्या म्हणाल्या.

काकासाहेबांनी पेपराची घडी घालून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "माझ्यासाठी धरला होता ना? मग मी सांगतो. मी ठणठणीत हाय. दिवा लाव, आणि जेवायला वाढ."

पुढच्या सोमवारी आशाबाईंनी मौन पुन्हा पहिल्यापासून धरलं. नऊ वर्षं झाली असं त्या आता म्हणत नाहीत. कुणी विचारलंच तर सांगतात, नुकतंच धरलंय.

मित्रांनो, आज मी दोन टेबलांच्या मधोमध बसवलेला आहे. सकाळी आशाबाई माझ्यावर बांधतात, दुपारी विशाखा. आशाबाई अजूनही नावच घेतात, विशाखा आकडे मोजते. मला दोन्ही सारखेच लागतात. दर रविवारी माझ्या मानेत तेल पडतं, आणि परदेशी वाईसला नसेल इतका मान मला मिळतो. ज्या नदीसाठी हे सगळं चालतं ती मी पाहिली नाही, आशाबाईंनीही पाहिलेली नाही. पण तिच्या तळाशी एका दगडाजवळ आमचा लाल किंवा हिरवा किडा हलत असेल, एखादा मासा त्याला तोंड लावत असेल, आणि उलटा काटा नसल्यामुळं सहज सुटून पुन्हा दगडाआड जात असेल. आशाबाई रोज कट् करून काटा मोडतात, तेव्हा त्यांच्या मनात तेच असतं.

तुमच्याही घरात कुठल्यातरी पेटीत माझ्यासारखं एखादं जुनं अवजार पडलेलं असेल. त्याला बाहेर काढा, गंज पुसा, दोन थेंब तेल घाला. ते पुन्हा धरायला लागेल. आणि एक मागणं आहे. एखाद्याचं काम वर राहिलं, तळाला गेलं नाही, आणि सगळे त्याच्याकडे बोट दाखवू लागले, तर खोलून मोजल्याशिवाय त्याची पिशवी भरू देऊ नका. खोलायला बसाल तेव्हा शेजारी आपलाही किडा खोला. आणि मोजून झाल्यावर जे निघेल ते लगेच सांगा. त्या दिवशी सोमवार असला तरी.